दोन तारांची हमी

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्या रात्रीची वर्णने आजही आवडीने वाचली जातात. पुढे सात वर्षांनी, २४ मार्च १९७१ रोजी, त्याच शहरातील ट्रॉलीबस बंद झाली. तिची आठवण मात्र फार थोड्यांनी जपली. गोवालिया टँक ते माझगाव डॉक हा तिचा मार्ग, ११ जून १९६२ ही तिची जन्मतारीख, बारा गाड्या हा तिचा सारा परिवार आणि पुरती नऊ वर्षेही न भरलेले तिचे आयुष्य. जुन्या मुंबईवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात ट्राम पानोपानी भेटते. ट्रॉलीबस शोधावी लागते.

मी तिच्याविषयी प्रथम ऐकले ते माझ्या थोरल्या मामांकडून. ऐन उमेदीची काही वर्षे ते माझगावच्या बाजूला कामाला होते आणि घरी सर्वजण तिला ‘शिंगांची बस’ म्हणत. टपावरून मागे झुकलेले दोन लांब दांडे आणि त्यांच्या टोकाला दोन तारा, असे तिचे रूप ते हाताने हवेत काढून दाखवीत. “अरे, ती आलेली कळायचीच नाही,” असे ते सांगत. “आधी डोक्यावरची तार सळसळायची, मग बस यायची. थांब्यावर उभी राहिली की इतकी शांत, की वाहकाच्या पिशवीतली नाणीसुद्धा ऐकू यायची.” दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या माणसाला परतीच्या वाटेवरची ती शांतता जन्मभर आठवावी, यात नवल नाही.

माझ्या पिढीला मुंबईत ती पाहायला मिळणे शक्यच नव्हते. मला ती भेटली काठमांडूत. २००० साली, पदव्युत्तर शिक्षण चालू असताना, आम्ही काही मित्र नेपाळला गेलो होतो. त्रिपुरेश्वरहून भक्तपूरला जाण्यासाठी उभे असता मामांनी हवेत काढलेले चित्र समोर येऊन थांबले. चीनच्या साहाय्याने १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा सुमारे तेरा किलोमीटरची होती. गाडी जुनी, रंग उडालेला, बाके कठीण. पण ती निघाली तेव्हा हिसका बसला नाही. बाणेश्वर, कोटेश्वर मागे पडले. शेते आणि वीटभट्ट्या दिसू लागल्या. मोटारीचा एक बारीक, चढता सूर तेवढा पायांखालून येत होता. मध्येच एका ठिकाणी तो सूर क्षणभर तुटला आणि पुन्हा लागला. गाडी बिघडली की काय, म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहिले. स्थानिक प्रवाशांपैकी कोणी मानही वर केली नाही. तो सूर का तुटला, हे समजून घेण्याच्या नादात मी या वाहनाच्या मागे लागलो आणि अर्थशास्त्र शिकविताना पुढे ते मला वारंवार उपयोगी पडले.

आज हा विषय काढण्याचे कारण स्मरणरंजन नव्हे. आपली शहरे सध्या विजेच्या बसगाड्या घेत आहेत. पुण्यात २०१९ पासून त्या धावत आहेत, मुंबईत २०२३ मध्ये विजेवर चालणारी दुमजली बस आली. नागरिकांनी या बदलाचे स्वागत केले आणि ते योग्यच झाले. परंतु विजेची बस म्हणजे बॅटरीची बस, असे समीकरण चर्चेविना रूढ होऊन बसले आहे. वीज पाठीवर वाहून नेण्याऐवजी वाटेत घेत जाण्याचा दुसरा मार्ग आहे आणि मुंबईने तो साठ वर्षांपूर्वी चोखाळला होता, याचा जणू विसर पडला आहे. तो मार्ग का सोडला आणि सोडला ते बरोबर केले का, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

तारेचे शास्त्र

ट्राम लोखंडी रुळांवरून धावते. वरच्या एका तारेतून वीज घ्यायची आणि मोटार फिरवून झाली की ती चाकांवाटे रुळांत सोडायची, एवढ्यावर तिचे मंडल पूर्ण होते. बसची चाके रबरी असल्यामुळे तिचे जमिनीशी विजेचे नाते जुळत नाही. म्हणून तिला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. दोन्ही तारांत साधारण दोन फुटांचे अंतर, रस्त्यापासून त्यांची उंची अठरा फुटांच्या आसपास आणि विजेचा दाब बहुधा सहाशे ते साडेसातशे व्होल्ट, तोही एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा. शहरात येणारा प्रवाह सतत दिशा बदलणारा असतो. वाटेवरच्या उपकेंद्रांत तो एकदिश करून जाड केबलींद्वारे तारेत सोडतात. पूर्वी हे काम पाऱ्याची वाफ भरलेली काचेची मोठाली पात्रे करीत असत. पुढे त्यांची जागा सिलिकॉनच्या लहानशा साधनांनी घेतली.

ही तार विशेष घडणीची असते. तिच्या दोन्ही कुशींना लांबीभर खाच असते. तिला टांगणारे चिमटे वरून त्या खाचांत बसतात, म्हणजे खालची बाजू अखंड गुळगुळीत राहते. बसच्या टपावरचे दांडे सुमारे वीस फूट लांब असून बुंध्याशी असलेल्या स्प्रिंगा त्यांना सतत वर रेटतात. दांड्याच्या टोकाला फिरती खोबण आणि त्या खोबणीत कार्बनचा तुकडा असतो. तांब्याची तार टिकावी आणि झिजायचे ते कार्बनने झिजावे, अशी ही योजना आहे. स्वस्त वस्तू झिजवून महाग वस्तू वाचवावी, हा व्यवहार येथे हाताच्या बोटाएवढ्या जागेत साधलेला दिसतो.

दांडे बुंध्याशी वळू शकत असल्याने बस तारेच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा फूट सरकू शकते. रस्त्यात उभ्या असलेल्या हातगाडीला ती वळसा घालते, थांब्यावर पदपथाला लागून उभी राहते. ट्रामला हे जमत नव्हते. ट्रामचे प्रवासी रस्त्याच्या मध्यावर, वाहनांच्या गर्दीत उतरत. ट्रॉलीबस ही ट्राम व बस यांच्यातील एक समंजस तडजोड होती. तिचा पूर्वज मात्र ट्रामच्या भरभराटीच्या आधीचा: जर्मनीत वेर्नर फोन सीमेन्स यांनी तारेवर चालणारी बिनरुळांची गाडी १८८२ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या हालेनसे भागात चालवून दाखविली होती.

खरी गोम चौकात असते. एका मार्गाची घन तार दुसऱ्या मार्गाच्या ऋण तारेला जेथे आडवी जाते, तेथे दोघींचा स्पर्श होऊ देता येत नाही. म्हणून तेवढ्या जागेत वीज नसलेला तुकडा बसवितात. उपकेंद्रांचे विभाग जेथे बदलतात, तेथेही अशीच फट ठेवावी लागते. चालकाने मोटारीची वीज तोडून अंगच्या वेगावर त्या जागेखालून घरंगळत पुढे जायचे असते. काठमांडूत क्षणभर तुटलेला सूर हा असल्याच एखाद्या फटीचा असणार. फाटा फुटतो तेथे वरच्या तारेलाही रेल्वेसारखा सांधा असतो आणि तो चालकाला बसल्या जागेवरून बदलावा लागतो. वेग जास्त झाला किंवा सांधा हुकला, की दांडा तारेवरून सुटून भाल्यासारखा आकाशाकडे उभा राहतो. मग खाली उतरून मागच्या दोरीने त्याला पुन्हा तारेवर चढविणे आले. पावसात, मागे वाहनांची रांग लागलेली असताना हे काम करणाऱ्यांचे मनोगत आपण समजू शकतो.

या सगळ्या खटाटोपाच्या बदल्यात मिळते काय? स्थिर गाडी हलविण्यास सर्वाधिक जोर लागतो आणि विजेची मोटार नेमक्या त्याच क्षणी सर्वाधिक जोर देते. थांबे जवळजवळ असलेल्या, चढउतारांच्या रस्त्यावर डिझेलचे इंजिन जेथे धापा टाकते, तेथे ती सहज चढून जाते. सान फ्रान्सिस्कोतील एका रस्त्यावर ट्रॉलीबस शंभराला सुमारे तेवीस इतका चढ चढते. आणि त्यासाठी लागणारी वीज त्या शहराच्याच मालकीच्या डोंगरातील धरणावरून येते. उभ्या गाडीला विजेचा खर्च जवळपास नसतो. शिवाय ब्रेक लावताना मोटारच जनित्र होऊन काही वीज तारेत परत घालू शकते. उतारावरून येणाऱ्या गाडीने दिलेली वीज चढावर निघालेल्या गाडीच्या कामी येते. मात्र ती घेणारी दुसरी गाडी त्या वेळी तारेखाली हवी. नसेल तर ती वीज नुसती उष्णतेच्या रूपाने जाळून टाकावी लागते. तारेखाली गाड्यांची गर्दी हवी, हा मुद्दा लक्षात ठेवावा. तिच्या अर्थकारणाची किल्ली त्यातच आहे.

बारा गाड्यांचा प्रयोग

खांब, तारा, उपकेंद्रे यांवरील खर्च एकदा करून टाकावा लागतो. त्यांवरून दिवसाला दहा गाड्या गेल्या काय आणि शंभर गेल्या काय, व्याज आणि घसारा चुकत नाही. समजा, एका मार्गावरील तारांचा बोजा तासाला साठ रुपये येतो. दर अर्ध्या तासाला बस असेल, तर तासाभरातील दोन गाड्यांवर प्रत्येकी तीस रुपये पडतील. तीच बस दर पाच मिनिटांनी सोडली, तर बारा गाड्यांवर प्रत्येकी पाच रुपये. आकडे काल्पनिक आहेत. त्यांतील प्रमाण मात्र खरे आहे. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील फरक वर्गात समजावून सांगण्यासाठी मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

आता मुंबईच्या प्रयोगाकडे पाहू. एकच मार्ग आणि बारा गाड्या. त्यांच्यासाठी वेगळी तार, वेगळे सुटे भाग, वेगळे शिकविलेले चालक आणि तारा दुरुस्त करणारे वेगळे पथक ठेवावे लागले असणार. डिझेलच्या शेकडो गाड्यांचे सुटे भाग घाऊक प्रमाणात मिळतात. बारा गाड्यांसाठी मात्र प्रत्येक वस्तू किरकोळीने घ्यावी लागते. गाड्यांची झीज फार होते, असे कारण देऊन सेवा बंद झाली. ते खोटे होते असे माझे म्हणणे नाही. परंतु बारा गाड्यांच्या पथकात दोन गाड्या दुरुस्तीला गेल्या की सहावा हिस्सा सेवा बंद पडते आणि तोटा दिसू लागतो. या प्रयोगातून निष्कर्ष निघतो तो बारा गाड्यांविषयीचा, ट्रॉलीबसविषयीचा नव्हे. विहीर पाच हात खणून पाणी लागले नाही, म्हणून गावाखाली पाणीच नाही असे ठरविण्यासारखे हे झाले.

यात एक विशेष दैवदुर्विलास आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या मालकीची झालेली ‘बेस्ट’ ही वीजपुरवठा आणि वाहतूक अशी दोन्ही कामे करणारी संस्था. वीज विकणारी आणि बस चालविणारी संस्था एकच, ही परिस्थिती तारेवरच्या बससाठी आदर्श म्हणावी अशी. सह्याद्रीच्या घाटावर अडविलेल्या पाण्याची वीज १९१५ पासून मुंबईत येऊ लागली होती. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची आगगाडी याच शहरात धावली. विजेच्या वाहतुकीचा एवढा वारसा असलेल्या शहराने रस्त्यावरची तार १९७१ साली काढली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, तेलाचे संकट कोसळले आणि खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. भविष्य कोणालाच दिसत नसते, हे खरे. म्हणूनच सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत, असे शहाणपण सांगते.

धुराचा हिशेब कोणत्या वहीत?

तारेचा खर्च ट्रॉलीबसच्या खात्यावर पूर्णपणे मांडला जातो. खांब उपक्रमाचा, तार उपक्रमाची, दुरुस्ती उपक्रमाची. डिझेलच्या बसला लागणारा रस्ता महापालिका बांधते. तिचा धूर नागरिक छातीत घेतात आणि औषधाचा खर्च आपापल्या घरी करतात. तिच्या तेलासाठी लागणारे परकी चलन देश उभे करतो. आपल्या गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण आयात करतो. यांतील एकही रक्कम बसच्या ताळेबंदात दिसत नाही. एका वाहनाचे सर्व खर्च दाखवायचे आणि दुसऱ्याचे निम्मे झाकायचे, मग पहिले महाग ठरले याचे आश्चर्य करायचे, असा हा प्रकार आहे. अर्थशास्त्रज्ञ याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. मराठीत त्याला दुसऱ्याच्या दारात केर लोटणे म्हणतात.

बॅटरीच्या बसने धुराचा प्रश्न रस्त्यापुरता सोडविला आहे आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. मात्र तिचेही काही खर्च डोळ्याआड राहतात. दिवसभर पुरेल एवढी वीज साठवायची तर बॅटरीचे वजन दोन टनांच्या घरात जाते. म्हणजे तीसेक प्रवाशांचे वजन गाडी अहोरात्र, रिकामी असतानाही, वाहत असते. बॅटरीचा कस वर्षागणिक उतरतो आणि गाडीच्या आयुष्यात ती एकदा तरी बदलण्याचा प्रसंग येऊ शकतो. ती भरण्यास गाडीला आगारात उभे राहावे लागते. तेवढा वेळ ती प्रवाशांच्या उपयोगी नसते. बॅटरीतील घट प्रामुख्याने परदेशांतून, विशेषतः चीनमधून, येतात. तांब्याच्या बाबतीतही आपण स्वयंपूर्ण नाही, हे मान्य. परंतु एकदा टांगलेली तार अनेक वर्षे चालते आणि झिजल्यावरही तिचे तांबे तांब्याच्याच भावाने विकले जाते.

तीन शहरांचे तीन धडे

तार लावली म्हणजे काम झाले, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. काठमांडूचा अनुभव नेमका उलट सांगतो. नेपाळची वीज जवळजवळ सर्वस्वी पाण्याची आणि तेल सर्वस्वी बाहेरचे. ट्रॉलीबससाठी याहून अनुकूल देश कोणता? शिवाय त्या शहराला विजेच्या वाहनांचे वावडे नव्हते. धूर ओकणारे डिझेलचे तीनचाकी टेम्पो तेथे १९९९ मध्ये बंद करण्यात आले आणि बॅटरीवर चालणारे ‘सफा टेम्पो’ रस्त्यारस्त्यांवर दिसत होते. तरीही ज्या ट्रॉलीबसमधून मी भक्तपूरला गेलो, ती पुढच्याच वर्षाअखेर, २००१ मध्ये, थांबली. २००३ साली तिला तोकड्या मार्गावर पुन्हा उभे करण्यात आले. २००८ मध्ये ती कायमची विसावली. तिच्याच रस्त्यावर तिच्या पुढे-मागे खाजगी लहान बसगाड्या प्रवासी उचलीत होत्या. तारेवर पैसा ओतायचा, नव्या गाड्या पुरेशा आणायच्या नाहीत आणि तिच्याच मार्गावर स्पर्धकांना मोकळे रान द्यायचे, असे झाले की फेऱ्या घटतात. फेऱ्या घटल्या की प्रत्येक फेरीवरचा तारेचा बोजा वाढतो. मग तोटा वाढला म्हणून आणखी फेऱ्या कमी होतात. या उतरंडीला तळ असतो तो बंदीचाच.

मॉस्कोची कथा वेगळी. १९३३ साली सुरू झालेले तेथील ट्रॉलीबसचे जाळे एके काळी जगातील सर्वांत मोठे होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये ते बंद करून बॅटरीच्या गाड्यांकडे वळण्यात आले. आठवणीखातर एक छोटा मार्ग तेवढा ठेवला. बॅटरीचा पुरस्कार करणाऱ्यांना हे उदाहरण खुशाल देता येईल. त्यांच्यासमोर प्रागचे उदाहरण ठेवले पाहिजे. प्रागने ट्रॉलीबस १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर वर्षभराने, मोडीत काढली. पंचेचाळीस वर्षांनी, २०१७ साली, तेथे एका चढावर पुन्हा तार टांगली गेली आणि २०२४ मध्ये विमानतळाकडे जाणाऱ्या वर्दळीच्या मार्गावर जोडबससाठी तीच योजना स्वीकारण्यात आली.

प्रागने जुनी ट्रॉलीबस जशीच्या तशी परत आणली नाही. नव्या पद्धतीत गाडीवर लहान बॅटरी असते आणि मार्गाच्या काही भागावरच तार असते. तारेखालून जाताना गाडी चालतेही आणि बॅटरी भरूनही घेते. उरलेल्या भागात दांडे आपोआप खाली येतात आणि ती बॅटरीवर धावते. चढावर, वर्दळीच्या सलग पट्ट्यात तार लावायची आणि अवघड चौकांत, अरुंद गल्ल्यांत, पुरातन वास्तूंसमोर ती टाळायची, हे त्यामुळे शक्य झाले. ज्या सांध्यांनी आणि फटींनी जुन्या चालकांना छळले, त्यांतील बरेचसे मुळात बसवावेच लागत नाहीत.

आपले आक्षेप आणि आपली पायरी

महाराष्ट्रातील शहरांत तारेला काही खरे अडथळे आहेत. गणेशोत्सवातील उंच मूर्तींची मिरवणूक अठरा फुटांच्या तारेखालून कशी न्यावी, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पावसाळ्यात मोडून पडणाऱ्या फांद्या, तांब्याची चोरी, अग्निशामक दलाच्या शिड्या आणि दर सहा महिन्यांनी होणारी रस्त्यांची खोदाई यांचाही विचार करावा लागेल. तारांच्या जाळ्याने आकाश विद्रूप होते, हा आक्षेप मात्र केबलींच्या भेंडोळ्यांनी प्रत्येक खांब भरून टाकलेल्या शहरांनी घ्यावा, हे काहीसे गमतीचे वाटते. बाकीच्या आक्षेपांना अर्धी तार आणि अर्धी बॅटरी ही पद्धत बऱ्याच अंशी उत्तर देते. मिरवणुकीच्या वाटेवर तार नसली तरी चालते.

नाशिकच्या बाबतीत तर ट्रॉलीबस आपल्या उंबरठ्यापर्यंत आली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या २,०९२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्राच्या साहाय्याची घोषणा झाली. त्यातील ‘मेट्रो निओ’ म्हणजे नाव बाजूला ठेवले तर दोन तारांखालून, रबरी चाकांवर धावणारी जोडबसच होती. घोषणेनंतर वर्षे उलटली. नाशिकच्या आकाशात ती तार आलेली नाही. योजनेत एक गोष्ट मला प्रथमपासून खटकली. ट्रॉलीबसचा मोठा गुण हा की ती आहे त्या रस्त्यावरून धावते. तिला खांबांवर उचललेल्या मार्गावर चढविले की स्थिर खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि लहान शहराला परवडण्याचा तिचा मुख्य आधारच निसटतो. जमिनीवर एक मार्गिका तिच्यासाठी राखून ठेवली असती तर? पण मार्गिका राखायची म्हणजे मोटारवाल्यांची जागा काढून घ्यायची. त्यापेक्षा काँक्रीटचे खांब उभारणे आपल्याला सोपे वाटते. पैशाचा खर्च आपण सोसू. रोषाचा सोसणार नाही.

रेल्वेच्या बाबतीत आपण असा संकोच केला नाही. देशाच्या जवळजवळ संपूर्ण ब्रॉडगेज जाळ्यावर आज विजेची तार पोहोचली आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील १,५०० व्होल्टची जुनी यंत्रणा गाड्या चालू ठेवून २५,००० व्होल्टमध्ये बदलण्याचे किचकट काम आपल्याच अभियंत्यांनी पार पाडले. भरपूर वर्दळ असेल तेथे वीज बरोबर वाहण्यापेक्षा वाटेत घ्यावी, हे तत्त्व रुळांवर निर्विवाद मानले जाते. रस्त्यावर येताच ते असे कालबाह्य का ठरावे?

तारेवर नेहमी एक ठपका ठेवला जातो: तिच्यामुळे बसचा मार्ग बदलता येत नाही. माझ्या मते यातच तिचे मोठेपण आहे. मार्ग सहज बदलता येतो, तो बदलणाऱ्याच्या सोयीने. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला हवी असते ती खात्री. डोक्यावर तार आहे, म्हणजे येथून बस जाणार. उद्या जाणार, दहा वर्षांनीही जाणार, या भरवशावर माणूस घर घेतो, मुलीला कोणत्या महाविद्यालयात घालायचे ते ठरवितो, दुकानाचा गाळा पाहतो. बसच्या थांब्याचा फलक एका रात्रीत उचलून नेता येतो. तार काढायची तर सभागृहात ठराव करावा लागतो आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून तार ही नागरिकांना दिलेली लेखी हमी आहे. गेल्या काही वर्षांत कोणतीही चर्चा न होता ज्यांच्या बसचे क्रमांक नाहीसे झाले, त्यांना या हमीचे मोल सांगावे लागणार नाही.

सर्व बसगाड्या तारेवर न्याव्यात, अशी मागणी मी करीत नाही. ज्या रस्त्यावर तासाला चार बस जातात तेथे बॅटरीच योग्य. मागणी एवढीच, की मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांनी विजेच्या गाड्यांची पुढची मोठी खरेदी करण्यापूर्वी आपले सर्वाधिक वर्दळीचे दहा-दहा मार्ग निवडावेत आणि पंधरा वर्षांच्या मुदतीचा खर्च तिन्ही पद्धतींनी मांडून जनतेसमोर ठेवावा: नुसती बॅटरी, नुसती तार, आणि अर्धी तार व लहान बॅटरी. बॅटरी बदलण्याचा खर्च, गाडी आगारात उभी राहण्याचा वेळ आणि तारांच्या देखभालीसाठी लागणारी माणसे हे सारे त्यात यावे. हिशेबाअंती बॅटरी स्वस्त ठरली, तर तिचे आनंदाने स्वागत करू. पण हिशेब न मांडताच तार नापास करण्याची चूक आपण १९७१ साली एकदा केली आहे. त्या वेळी बारा गाड्या होत्या. या वेळी प्रश्न हजारो गाड्यांचा आहे.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. विजेच्या नव्या बसमधून त्यांना एकदा फिरवून आणले. खिडकीशी बसून ते बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. “तश्शीच आहे,” असे म्हणाले, आणि उतरल्यावर सवयीने वर पाहिले.